हेंकचा बॉल कुठं पडला

वैजनाथला जगातली एकही गोष्ट धड वाटायची नाही. मुरुडच्या बसस्टँडवरचा चहा पाणचट, लातूरचे वकील लुच्चे, नांदेडचे व्यापारी तोंडानं गोड आणि काट्यात हलके, आणि कृषी खात्याच्या साहेबांना तर तूर कुठली आणि हरभरा कुठला हेही कळत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. मत मागायला कुणी येत नसे. तो ते फुकट वाटत फिरायचा.

त्याची एकुलती एक पोरगी सुकन्या परभणीहून शेतकीची पदवी घेऊन आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही पुण्याला जाणार. पुण्याच्या एका बियाणे कंपनीनं बोलावलंही होतं. पण पोरीच्या डोक्यात पॉलीहाऊस शिरलं होतं. घरच्याच रानात ढोबळी मिरची आणि जरबेरा लावायचा, इथंच राहायचं. वैजनाथनं आधी नाक मुरडलं. फुलं लावायला आपण काय माळी हाओत का, असं चार दिवस विचारलं. पण पोरगी पुण्याला गेली तर घरात आपल्याशी भांडायला कुणी उरणार नाही, हे त्याला आतल्या आत कळत होतं. बायको शिवकांता तर त्याचं ऐकून घेण्यातही आता रस दाखवत नसे. म्हणून त्यानं परवानगी दिली. म्हणजे नाही म्हणाला नाही.

अडचण एकच होती. पॉलीहाऊस हॉलंडच्या कंपनीचं, त्याचा सांगाडा ठरलेल्या मापाचा. या टोकापासून थेट पलीकडच्या बांधापर्यंतचं सगळं रान धरलं तरच तो बसत होता. आणि बांधालगतची पट्टी वादातली. बांधापलीकडं साखराबाईचं रान. साखराबाई म्हणजे वैजनाथच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. तिचं म्हणणं असं, की नवरा गेल्यापासून वैजनाथनं दर नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, तिच्याकडं सरकत सरकत बांधच उचलून पलीकडं नेला. बांध कोरणं आपल्याकडं कुणाला नवीन नाही. सख्खे भाऊ एका ताटात जेवतात आणि सकाळी एकमेकांचा बांध कोरतात. केस लातूरच्या कोर्टात धूळ खात पडली होती. मोजणीवाले येऊन गेले. एकदा पाऊस लागला, एकदा खुणेचा दगडच सापडला नाही. दगड कुठं गेला हे वैजनाथला माहीत होतं, पण त्याला कुणी नीट विचारलं नव्हतं.

सुकन्यानं मात्र विचारलं होतं. कंपनीशी बोलणं पक्कं करायच्या आधी ती बापासमोर उभी राहिली.

"अप्पा, खरं सांगा. ती पट्टी आपली हाय का?"

"आपली न्हाई तर काय निजामाची हाय?"

तिनं ते उत्तर धरून कंपनीला शब्द दिला, की रान निर्वेध आहे. कंपनी म्हणाली, ठीक, आमचा माणूस येऊन बघून जाईल. त्यानं हो म्हटलं की काम सुरू.

आता हॉलंडचा माणूस म्हटल्यावर वैजनाथनं मनात एक चित्र रंगवलं होतं. सोनेरी काड्यांचा चष्मा, खिशात माती तपासायची नळी, असा कुणीतरी शास्त्रज्ञ. त्याच्याशी कसं वाकड्यात बोलायचं याचीही तयारी करून ठेवली होती. प्रत्यक्षात मकसूदच्या गाडीतून उतरला तो हेंक. मकसूदचं नांदेडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि त्या कंपनीचं नांदेड-लातूरचं काम त्याच्याकडं होतं. विमानतळावरून त्यानं या हेंकला उचललं, घरी नेऊन वहिदाभाभीच्या हातची बिर्याणी खाऊ घातली, बिलोलीकडची दोन रानं दाखवली आणि इकडं आणलं. हेंक उंच, वाकलेला, उन्हानं लाल झालेला, पन्नाशीच्या पुढचा. त्यानं रानात पाय ठेवला, उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि जमिनीकडं बघत राहिला. मग उठून चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा तसाच बसला.

"पाणाड्या हाय का ह्यो?" वैजनाथनं विचारलं.

"उतार बघून राहिले, काका," मकसूद म्हणाला. "जमीन कुठं झुकती ते ह्यांना नुसत्या डोळ्यानं कळतंय. लई मोठा मानूस हाय. आंतरराष्ट्रीय खेळाडू!"

हे आंतरराष्ट्रीय खेळाडूचं प्रकरण संध्याकाळी जेवताना उलगडलं. बोलणं सगळं सुकन्यामार्फत, कारण इंग्रजी फक्त तिला येत होतं. मकसूदचं इंग्रजी यस आणि नो प्रॉब्लेमच्या पुढं जात नव्हतं.

"हे गोल्फ खेळायचे," सुकन्या म्हणाली. "तोच धंदा."

"मंजी करायचं काय?"

"काठीनं बॉल मारून लांबच्या भोकात घालायचा."

"मंग?"

"मंग दुसऱ्या भोकात."

वैजनाथचा घास हातातच राहिला. "आन ह्याचा पगार देतेत?"

"पगार न्हाई. जिंकलं तर बक्षीस."

"मंग हे किती येळा जिंकले, विचार की."

सुकन्यानं विचारलं. शिवकांतानं वाढलेल्या ठेच्यानं हेंकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते पुसलं आणि बोटांचं शून्य करून दाखवलं.

मग कळलं ते असं. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर बापानं लहानपणी त्याच्या हातात काठी दिली. गावात तो पहिला यायचा. देशात बरा होता. त्याला वाटलं आपण आता धंदेवाईक व्हावं, म्हणून तो जगभरातल्या चांगल्या खेळाडूंत जाऊन उभा राहिला, आणि तिथं गेल्यावर त्याला समजलं की आपण कुणीच नाही. पण तोवर उशीर झाला होता. स्पेन, केनिया, मलेशिया, जिथं स्पर्धा तिथं हा पदरचं भाडं भरून हजर. त्यांच्यात गुरुवारी खेळतात, शुक्रवारी खेळतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी निम्म्यांना घरी पाठवतात. त्या निम्म्यांत हेंक बहुतेक वेळा असायचाच. ऐन तारुण्य त्यानं शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरण्यात घालवलं. वैजनाथला वाटलं, यापेक्षा आपला बैल बरा, निदान शेतातून घरी येताना त्याला काही केल्यासारखं तरी वाटत असेल.

"एकदा मात्र जिंकत आले होते," सुकन्या म्हणाली. ती आता हेंककडं बघून बोलत होती आणि वैजनाथला तिचा तो कौतुकाचा आवाज आवडला नाही. "पोर्तुगालात. शेवटचा दिवस, हे सगळ्यांच्या म्होरं. बॉल झाडाखाली गवतात पडला. जवळची काटकी बाजूला करताना बॉल बोटभर हलला."

"बरं, मंग?"

"तसा हलला तर एक फटका दंड बसतो. ह्यांनी हात वर केला, पंचाला बोलावलं, आन सांगितलं. एका फटक्यानं हरले."

"कुनी बघितलं होतं?"

"न्हाई."

"कॅमेरा?"

"दुसरीकडं होता."

"मंग सांगितलं कामून?"

सुकन्यानं विचारलं. हेंकला प्रश्नच नीट कळला नसावा. तो जरा वेळ तिच्याकडं, मग वैजनाथकडं बघत राहिला, आणि जे बोलला ते सुकन्यानं मराठीत सांगितलं: "बॉल हलला होता."

वैजनाथ इतका हसला की ठसका लागून शिवकांताला पाणी द्यावं लागलं. हेंकही थोडा हसला, पाहुण्यानं हसावं तसा. पुढची कहाणी आणखीच बहारीची होती. त्या दिवसानंतर त्याचा हात कापायला लागला. लांबचा फटका उत्तम, पण हातभर अंतरावरून बॉल भोकात जाईना. शेवटी खेळ सोडून तो बहिणीच्या नवऱ्याच्या पॉलीहाऊसच्या कंपनीत लागला. आयुष्यभर उतार बघितल्यामुळं तेवढं एक काम त्याला येत होतं.

"बिचारा," शिवकांता म्हणाली आणि तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

"बिचारा कसला, येडा हाय," वैजनाथ म्हणाला. "देवानं तोंडाम्होरं ताट आनून ठिवलं आन ह्यानं त्याला लाथ मारली."

पुढचा आठवडा वैजनाथच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. हेंक लातूरच्या लॉजवर राहायचा, मकसूदच्या गाडीतून यायचा, दिवसभर उतार बघायचा. आणि वैजनाथ बसस्टँडवरच्या हॉटेलात त्याचा खेळ करून दाखवायचा. काटकी उचलायची, दचकायचं, हात वर करायचा आणि रडक्या आवाजात म्हणायचं, "साहेब, बॉल हलला होता!" लोक पोट धरून हसायचे. वैजनाथ स्वतः सगळ्यांच्या आधी हसायचा. चार दिवसांत ते वाक्य मुरुडभर झालं. कुणाचा चहा सांडला तरी लोक म्हणायचे, बॉल हलला होता. दूध घालणाऱ्यानं पाणी घातल्याचं कबूल केलं तर तो हेंकरावाचा चेला ठरायचा. अर्थात कुणी कबूल केलं नाही.

ते सुकन्याच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "अप्पा, पावन्याची टिंगल कामून करता?"

"टिंगल करन्यासारखंच हाय तर करू नको? जलमभर हरला आन वर सांगत फिरतो."

"तुमी कधी हरल्याचं सांगितलं का कुनाला?"

"मी हरलोच न्हाई कधी," वैजनाथ म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. आपल्याकडं येळवशीला घरात कुणी राहत नाही. सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे, आणि मग डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांवर ताव मारायचा. त्या दिवशी रानातून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं, मग तो वैरी का असेना. आलेल्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती नसते. सुकन्यानं या रिवाजाचा फायदा घेतला आणि बांधावरून साखराबाईला हाक मारली. साखराबाई आली, पदर खोचून शिवकांतासोबत भज्जी वाढायलाही लागली. वैजनाथनं तिच्याकडं न बघता पत्रावळ पुढं केली.

जेवणाच्या आधी मात्र एक काम घरच्या कर्त्या माणसाचं असतं. आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, घ्यायची आणि आपल्या रानाच्या हद्दीनं फिरत, वलगे-वलगे म्हणत, डहाळीनं ती ताकाची पांढरी आंबील शिंपडत जायचं. काळ्या आईला तिचा वाटा. वैजनाथनं त्या दिवशीही तेच केलं. आणि इथं त्याची गंमत होती. तीन बाजूंनी तो बांधावरून चालला. साखराबाईच्या बाजूला आला तेव्हा मात्र बांध सोडून आत, डोक्याएवढ्या ज्वारीत शिरला. विहिरीच्या काठावर उभं राहायचं, पलीकडच्या हिवराच्या झाडाकडं तोंड करायचं आणि नाकासमोर चालायचं, असं बापानं त्याला लहानपणी शिकवलं होतं. हीच जुनी हद्द. वैजनाथ कोर्टात सरकवलेल्या बांधाची शपथ घ्यायला कधी भ्याला नव्हता. वकिलाच्या चार पावलं पुढं जाऊन खोटं बोलला होता. पण दुसऱ्याच्या भुईवर आपली आंबील सांडली तर काळी आई रागावते, घरात काहीतरी होतं, या भीतीपुढं त्याची मात्रा चालत नव्हती. म्हणून बांध सरकला, तरी आंबील कधी सरकली नाही. दरवर्षी तो ज्वारीत शिरायचा, खऱ्या हद्दीवर आंबील शिंपायचा आणि हिवराजवळ पुन्हा बांधावर निघायचा. ज्वारीत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. कोर्टाचं कोर्टात, देवाचं देवाला, अशी त्यानं वाटणी करून टाकली होती आणि त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही होतं.

जेवणं झाली. हेंकनं आंबील पुन्हा मागून घेतली, हे बायकांना फार आवडलं. चारी बाजूंच्या रानांतली माणसं गोऱ्याला बघायला कोपीपाशी जमली. मकसूदला स्फुरण चढलं. हेंक सवयीनं एक काठी आणि दोन-चार बॉल जवळ बाळगायचा, ती काठी त्यानं गाडीतून काढून आणली.

"काका, आठ दिस झाले तुमी हसून राहिले," तो म्हणाला. "एकदा बघा तर साहेबांचा हात."

"हात कापतो म्हने ना त्याचा?"

"जवळून कापतो. लांबून न्हाई."

वैजनाथला ही पर्वणीच होती. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मंग शर्त लावू. हितून मारायचा. त्या बांधावरच्या बाभळीपाशी गेला पाहिजे, पन माझ्या रानाच्या बाहेर जाता कामा नये. बाहेर गेला तर हरला. हरला त्यानं ही बिंदगीभर आंबील उभ्यानं प्यायची. आत ऱ्हायला तर मी पितो. सांग त्याला."

सुकन्यानं सांगितलं. हेंकनं मान डोलावली. तो कोपीपुढं उभा राहिला, बाभळीकडं बघितलं, खाली बघितलं, आणि काठी फिरली. कधी फिरली ते कळलंच नाही. बॉल वर गेला, दिसेनासा झाला, आणि बाभळीच्या अलीकडं ज्वारीची कणसं हलली. माणसं ओरडली. अलीकडंच पडला होता, सगळ्यांनी बघितलं होतं. मकसूदनं दोन्ही हात वर करून उडी मारली.

"आत हाय, काका! उचला बिंदगी!"

वैजनाथचं तोंड कडू झालं, पण इलाज नव्हता. हेंक मात्र नाचला वगैरे नाही. बॉल पडला कसा हे बघायला तो ज्वारीत शिरला. त्यांच्या खेळात तसंच असतं म्हणे. बॉल डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही. जरा वेळानं तो परत आला. हात रिकामे. सुकन्यापाशी येऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"काय म्हनतो?" वैजनाथनं विचारलं.

"हरलो म्हनतेत."

"कोन?"

"हेच. बॉल बाहेर पडला म्हनतेत."

लोक हसायला लागले. बाभूळ बांधावर, बांध पलीकडं, बॉल अलीकडं, मग बाहेर कसा? सुकन्यानं पुन्हा विचारलं. हेंकनं ज्वारीकडं बोट दाखवून सावकाश समजावलं. त्यांच्या मैदानाची हद्द पांढऱ्या रेघेनं आखलेली असते. आत ज्वारीत काळ्या भुईवर पांढरी रेघ आहे, विहिरीपासून झाडापर्यंत अगदी सरळ. त्याचा बॉल त्या रेघेच्या पलीकडं, रेघ आणि बांध यांच्या मधल्या जागेत पडलाय. म्हणजे बाहेर.

हे सुकन्या मराठीत सांगत गेली आणि शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज बारीक झाला. वैजनाथ ताडकन पुढं आला.

"कसली रेघ न्हाई न काही न्हाई!" तो ओरडला. "अरे बाबा, तू जिंकलास! बॉल आत हाय! मी पितो ना आंबील, मी पितो!" आणि त्यानं खरंच बिंदगी उचलून तोंडाला लावली. हेंक घाईनं पुढं झाला आणि त्यानं ती नम्रपणे त्याच्या हातातून काढून घेतली. आपण हरलो, आपणच पिणार, असं तो खुणेनं सांगत होता. वैजनाथ ओढत होता, हेंक सोडत नव्हता. जन्मात एकदाही न जिंकलेल्या माणसाला वैजनाथ सगळ्या शिवारासमोर तू जिंकलास म्हणून हात जोडत होता आणि तो येडा ऐकायला तयार नव्हता. आंबील दोघांच्या अंगावर सांडली.

तोवर साखराबाई ज्वारीत जाऊन आली होती. तिच्या पदराला कुसळं लागली होती. ती वैजनाथसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, बांध तर तिकडं बाभळीपाशी हाय. मंग तुमची आंबील हिकडं आत कामून?"

"हात चुकला आसंल. जवारीत दिसत न्हाई."

"एवढी सरळ कुनाची चुकती? मामंजी शिंपायचे तवा मी मागं बिंदगी घेऊन चालायची. हिवराकडं तोंड करून. तीच रेघ हाय ही." तिचा आवाज चढला नाही. "जज्जाला एक हद्द दावता आन पांडवाला दुसरी. तुमाला देवाचं भ्या वाटतं, भावजी, पन माझ्यासारख्या रांडमुंड बाईचं न्हाई."

मकसूद गाडीच्या किल्लीशी चाळा करत खाली बघत होता. वैजनाथनं अंगावरची आंबील पंच्यानं पुसली. माणूस पक्का होता. पांढरे ठिपके म्हणजे काही पुरावा नव्हे, दव पडलं की जातील. केस आहे तिथंच राहील. फक्त आता हा गोरा गप्प बसला पाहिजे. त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि पोरीकडं वळला.

"ती रेघबिघ काही न्हाई, मी सांगतो ना. रान माझं हाय, शर्त माझी हाय, आन बॉल आत हाय. सांग त्याला."

हेंक सुकन्याकडं बघत उभा होता. रान वैजनाथचं, तेव्हा हद्द कुठली हे सांगायचा हक्क त्याचा, एवढं त्याला कळत होतं. घरधनी जे म्हणेल ते तो मानणार होता. साखराबाईही बघत होती.

सुकन्याला सगळं दिसत होतं. आत म्हटलं की पट्टी आपली, सांगाडा बसतो, मिरची लागते, आपण मुरुडात राहतो. हेंक उद्या नांदेडहून निघून जाईल, त्याला पुन्हा कोण विचारतंय. बाहेर म्हटलं की पॉलीहाऊस गेलं, दोन वर्षांचा हट्ट गेला, आणि पुण्याच्या गाडीत बसायचं. शिवाय बापाची अब्रू, तीही सगळ्या शिवारासमोर. तिनं बापाकडं पाहिलं. कधीतरी तिनं याच माणसाला विचारलं होतं, खरं सांगा, आणि तो हसून निजामाचं काहीतरी बोलला होता. तिला तेव्हाच कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं, पण तिला पॉलीहाऊस हवं होतं.

ती हेंककडं वळली आणि मोठ्यानं एकच शब्द बोलली.

"आऊट."

इंग्रजी तिथं बाकी कुणाला येत नव्हतं. पण हा एक शब्द मुरुडच्या शेंबड्या पोरापासून साखराबाईपर्यंत सगळ्यांना येत होता. गल्लीतलं क्रिकेट कुणाला चुकलंय? वैजनाथलाही तो समजला. हेंकनं मान हलवली, बिंदगीत उरलेली आंबील उभ्यानं पिऊन टाकली आणि रिकामी बिंदगी शिवकांताच्या हातात दिली. हरलेल्या माणसानं कसं वागायचं याची त्याला चांगली सवय होती.

"सुकन्याबाई, कंपनीला मी काय सांगू आता?" मकसूद कळवळून म्हणाला. "मी जबान देऊन बसलो!"

"पट्टी आपली न्हाई म्हनून सांगा, मकसूदभाई. सांगाडा बसत न्हाई."

वैजनाथला आता कंठ फुटला. "तुला कळतंय का काय बोललीस? मी माझ्यासाठी करून राहिलो होतो का हे? तुझंच गेलं की, येडे! तुझं सोताचं!"

"हाव. माझंच गेलं."

"कुनाला दिसत होतं जवारीत? एक शब्द फिरवायचा होता. कुनी काय म्हनलं असतं तुला?"

सुकन्या त्याच्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता.

"बॉल बाहेर होता, अप्पा."

कोपीभोवतीची माणसं एकदम वैजनाथकडं बघायला लागली. आठवडाभर असल्या वाक्यावर सगळ्यात आधी तोच हसत आला होता, आणि ते वाट बघत होते.